गाण्यातला ‘तू’ मीच आहे का?

ताई, नमस्कार.

मी ३४ वर्षांचा, धायरीला राहतो. लग्नाला पाच वर्षं झाली. बायको हिंजवडीला आयटीत आहे, मी नऱ्ह्यात एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर. मला नवीन गाणी शोधून ऐकायचा नाद आहे. सिनेमातली नाही, जी मुलंमुली स्वतः लिहून, स्वतः गाऊन नेटवर टाकतात ती. महिन्याभरापूर्वी अशाच एका मुलीचं नवं मराठी गाणं आपोआप पुढे लागलं. गिटार आणि आवाज, बाकी काही नाही. त्यातली बाई कामावरून घरी येते आणि कुणी मागायच्या आधीच फोन लॉक उघडून टेबलावर उताणा ठेवते. मग हातपाय धुवायला जाते. पुढच्या कडव्यात ती दिवसभरात कुणाकुणाशी बोलली ते एकेक करून सांगते. मला गाणं इतकं आवडलं की रोज जाता-येता तेच. गेल्या आठवड्यात बायको घरी आली, तिने फोन टेबलावर उताणा ठेवला आणि आत गेली. मी जागचा हललो नाही.

खरं लिहितो. मी तिचा फोन बघतो. तिचं व्हॉट्सॲप माझ्या लॅपटॉपवर जोडलेलं आहे, हे तिला माहीत नाही. ऑफिसातून निघताना ती मला लाइव्ह लोकेशन पाठवते, आठ तासांचं. हे सगळं गेल्या वर्षी सुरू झालं. तिच्या टीममधल्या एकाचा रात्री साडेअकराला मेसेज आला होता, ‘पोचलीस का?’ एवढाच. तेव्हापासून शोधतोय, सापडलेलं काही नाही.

काल कळलं की तेच गाणं तिच्या प्लेलिस्टमध्ये माझ्याही आधीपासून आहे. आता डोक्यात एकच चालू आहे. हिने घरातलं बाहेर कुणाला सांगितलंय का? त्या गायिकेची आणि हिची ओळख आहे का? ‘हे गाणं कुणावर आहे?’ असा मेसेज त्या मुलीला इन्स्टाग्रामवर लिहून ठेवलाय, पाठवलेला नाही. मित्र म्हणतो, डिटेक्टिव्ह लाव, एकदाचा निकाल लागेल. काय करू?

अ., धायरी


अ., तो मेसेज पाठवू नका. लिहून ठेवलाय तो आत्ता पुसून टाका, मग पुढचं वाचा.

सिनेमातलं गाणं असतं तेव्हा गाणं आणि आपण यांच्यामध्ये बरीच माणसं असतात: गीतकार, संगीतकार, निर्माता, पडद्यावरचा नट. संशय घेणारा नवरा पडद्यावर दिसतो आणि आपण त्याला नावं ठेवून घरी येतो. स्वतःचं गाणं स्वतः टाकणाऱ्या मुलीच्या बाबतीत मध्ये कुणीच नसतं. बऱ्याचदा राहत्या खोलीतच रेकॉर्डिंग होतं, एखादा मित्र मिक्सिंग करून देतो, थोडे पैसे भरून वितरकामार्फत गाणं सगळ्या ॲपवर जातं आणि आलेल्या मेसेजना उत्तरंही तीच देते. पुण्यात अशी गाणी ऐकणारे आणि करणारे आज कालचे नाहीत. स्वतंत्र कलाकारांचा एनएच७ वीकेंडर हा महोत्सव २०१० साली याच शहरात सुरू झाला, आणि तो ऐकत वाढलेली पोरं आज मराठीत लिहिताहेत. या गाण्यांत पडद्यावरचा चेहरा नसतो, त्यामुळे ऐकणारा आपल्या ओळखीचा चेहरा तिथे बसवतो. तुमचंही तेच झालं. महिनाभर तुम्ही त्या बाईच्या बाजूने गाणं ऐकलंत, तिच्यासाठी हळहळलात, आणि मग एका संध्याकाळी लक्षात आलं की गाण्यात जो गप्प बसलेला ‘तू’ आहे, ती खुर्ची तुमची आहे.

ही लक्षात येण्याची गोष्ट मोठी आहे. तुमच्या पत्रातली मला सर्वांत आशेची वाटलेली गोष्ट हीच. पण आठवडाभरातच संशयाने तेही हातातून काढून घेतलं. ‘मी असं वागतोय’ हे कळल्यावर पुढचा प्रश्न ‘मग हिला कसं वाटत असेल?’ असा यायला हवा होता. आला तो असा: ‘हिने कुणाला सांगितलं?’

त्या मुलीच्या बाजूने तो मेसेज वाचून बघा. एक अनोळखी पुरुष विचारतो की गाणं कुणावर लिहिलंस. ती घाबरेल, आणि तिने घाबरावं असाच तो प्रश्न आहे. समजा तिने उत्तर दिलं, ‘कुणावरच नाही, सुचलं.’ तुमचा विश्वास बसेल? ‘एका मैत्रिणीवर’ म्हणाली, तर तुम्ही नाव विचारणार. काहीच बोलली नाही, तर तुम्ही तिची फॉलोअर्सची यादी उघडून बायकोचं नाव शोधणार. यातल्या कुठल्याही उत्तराने तुमची त्या रात्रीची झोप परत येणार नाही.

आणि एक गोष्ट, जी पुणेकर म्हणून आपल्या अंगणातली आहे. तुमची बायको रोज जिथे कामाला जाते ते हिंजवडी मुळशी तालुक्यात येतं. मुळशी-मावळातल्या गावांमधून हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या अभ्यासकांनी सहकाऱ्यांना घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. पुढे हे काम राज्यभर पसरलं आणि संग्रह लाखावर गेला. पहाटे दळायला बसलेल्या बायकांनी त्या ओव्यांत सासुरवास सांगितला, नवऱ्याचा राग सांगितला, भावाची वाट पाहिली. दिवसाउजेडी सासूपुढे किंवा नवऱ्यापुढे जे बोलता येत नव्हतं ते जात्याच्या घरघरीत बोलता यायचं, आणि एकीची ओवी दुसरीच्या तोंडी सहज बसायची, कारण दुःख सारखंच असायचं. तुमच्या बायकोने ते गाणं प्लेलिस्टमध्ये ठेवलं म्हणजे तिने गायिकेला आपलं घर उघडून दाखवलं असं होत नाही. गायिकेने न बघताच ते घर ओळखलं, एवढंच. असं वागणारे तुम्ही एकटे असतात तर ते गाणं इतक्या अनोळखी कानांना आपलं वाटलंच नसतं.

समजा, तिने खरंच कुणाला सांगितलं असेल. बहिणीला, मैत्रिणीला, ऑफिसातल्या कुणाला. तर मला बरं वाटेल. वर्षभर हे एकटीने सोसण्यापेक्षा कुणाच्या तरी खांद्यावर मान टेकवलेली चांगली. यात तुमची बदनामी झाली असं वाटत असेल, तर ती सांगण्याने झालेली नाही.

आता टेबलावरच्या फोनबद्दल. हे तुम्ही पत्रात फार थोडक्यात लिहिलंय, पण मला तिथेच थांबावंसं वाटलं. ती हे केव्हापासून करते? गाणं येण्याआधीपासून करत असणार. म्हणजे तुम्ही ते अनेक महिने रोज पाहिलंत आणि तुम्हाला दिसलं नाही. दुसऱ्या कुणी तरी गाऊन दाखवल्यावर दिसलं. तिने फोन असा उघडा ठेवला तेव्हा तुमच्या मनात काय आलं होतं, हे स्वतःशी प्रामाणिकपणे आठवा. ‘हिच्याकडे लपवायला काही नाही’ असं आलं होतं, की ‘वाटेतच सगळं डिलीट करून आली असणार’ असं? माझा अंदाज दुसरा आहे, कारण उघडा फोन बघून तुमचं समाधान झालं असतं तर लॅपटॉपवर व्हॉट्सॲप जोडायची वेळच आली नसती. तिने फोन पर्समध्ये ठेवला असता, तर ‘लपवते’. टेबलावर ठेवला, तर ‘पुसून ठेवते’. बिचारीने करायचं तरी काय? ती तुम्हाला शांत करण्यासाठी जे जे करते, ते तुम्ही तिच्याच विरुद्ध जमा करत गेला आहात.

तो साडेअकराचा मेसेज. हिंजवडीत काम करणाऱ्या कुठल्याही मुलीला विचारा, उशिरा निघाल्यावर असा मेसेज येतो का. २००७ साली पुण्यात बीपीओत काम करणाऱ्या एका तरुणीवर तिला न्यायला आलेल्या कॅबच्या चालकाने आणि त्याच्या साथीदाराने बलात्कार करून तिचा खून केला. सगळं शहर हादरलं होतं. त्यानंतर रात्री मुलींना ने-आण करण्याचे नियम कडक झाले, आणि टीममधल्या माणसांनी एकमेकांना ‘पोचलीस का’ विचारणं अंगवळणी पडलं. त्या सहकाऱ्याच्या मनात आणखी काही होतं की नव्हतं, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. पण मेसेजमध्ये जेवढं लिहिलंय तेवढ्यावरून मला एक माणूस दिसतो, ज्याला आपली सहकारी सुखरूप घरी पोचली की नाही याची काळजी होती. त्या रात्री तुम्ही तिला ‘पोचलीस का’ विचारलं होतंत का?

लोकेशनचं तर मला फारच वाईट वाटलं. व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशनचे तीनच पर्याय असतात: पंधरा मिनिटं, एक तास, आठ तास. हिंजवडीतून निघून वाकड, बावधन, चांदणी चौक, वारजे, नवले पूल करत धायरीला यायला गर्दीच्या वेळी तासाच्या वर सहज जातं, म्हणून आठ. म्हणजे नऊला घरी आलेली बायको रात्री अकरालाही तुमच्या नकाशावर दिसत असते, तुमच्याच घरात, शेजारच्या खोलीत. आणि बायपासवर तो ठिपका वीस मिनिटं एकाच जागी थांबला, की तुमच्या पोटात गोळा येत असणार. मोकळ्या आकाशाखाली फोनचं जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर असतं. पुलाखाली आणि उंच इमारतींच्या मध्ये ते याहून बरंच चुकतं. वाहतुकीत अडकलेली बाई नकाशावर शेजारच्या हॉटेलात बसलेली दिसू शकते. अशा ठिपक्यावरून तुम्ही किती संध्याकाळी तिच्याशी तुसड्यासारखे वागला असाल?

तपासण्याचं एक ठरलेलं चक्र असतं. अस्वस्थ वाटतं, फोन बघतो, काही सापडत नाही, हायसं वाटतं. ते हायसं वाटणं थोडा वेळ टिकतं आणि मग डोकं म्हणतं, नीट बघितलंस का? दर वेळी बघितल्यावर मिळालेला तो क्षणभराचा आराम पुढच्या वेळी बघण्याची गरज वाढवतो. दाराला कुलूप लावलंय की नाही हे पुन्हा पुन्हा उठून बघणाऱ्यांच्या मनात असंच काहीसं घडत असतं. वर्षभर शोधून काही सापडलं नाही, तरी तुम्ही थांबला नाहीत. डिटेक्टिव्ह आणखी महिनाभर शोधेल, त्यालाही सापडणार नाही, आणि तुम्ही म्हणाल की तो माणूसच कच्चा होता.

तुमचा मित्र कदाचित तुम्हाला हेही सांगेल की २०२५ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराचं चोरून रेकॉर्ड केलेलं संभाषण घटस्फोटाच्या खटल्यात पुरावा म्हणून चालेल असा निकाल दिला. निकाल खरा आहे. पण तो कोर्टात पोचलेल्या भांडणासाठी आहे. तुम्हाला घटस्फोट हवाय असं तुमच्या पत्रात कुठेही नाही. त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं एकमताने सांगितलं, आणि लग्न झालं म्हणून बाईचा तो अधिकार नवऱ्याच्या खिशात जात नाही. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात, खात्यात शिरण्याविरुद्ध माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालापासून आहे. तुम्हाला घाबरवायला हे लिहीत नाही. लॅपटॉपवर जे केलंय ते ‘नवरा-बायकोतलं’ म्हणून सोडून देण्यासारखं नाही, एवढं तुम्हाला कळावं म्हणून लिहिते.

तेव्हा आज लॅपटॉप उघडा आणि तिच्या व्हॉट्सॲपमधून लॉगआउट करा. शेवटचं एकदा बघून घेऊ, असं करू नका. आणि मग तिला सांगा.

इथे तुम्ही कचराल, हे मला माहीत आहे. मनात येईल, गुपचूप काढून टाकलं तर झालं, सांगून कशाला दुखवायचं? पण तिच्या फोनमध्ये ‘लिंक्ड डिव्हायसेस’ उघडलं की जोडलेली उपकरणं दिसतात. तिने ती यादी आधीच बघितली असण्याची शक्यता आहे आणि ती गप्प राहिली असेल. तसं असेल तर तुम्ही न सांगितलेला प्रत्येक दिवस तिला कळतोय. नसेल बघितली, तरी ज्या घरात तिने वर्षभर स्वतःला उघडं ठेवलं, तिथे निदान एवढं तरी तिला तुमच्या तोंडून कळायला हवं.

सुट्टीची सकाळ निवडा. ती कामावरून थकून आल्यावर नको, सासरची माणसं घरात असताना तर मुळीच नको. बोलणं छोटं ठेवा. साधारण असं: ‘तुझं व्हॉट्सॲप मी माझ्या लॅपटॉपवर जोडलं होतं, तुला न सांगता. ते काढलंय. तू असं काही केलं नव्हतंस, मलाच भीती वाटत होती. लोकेशन आता पाठवू नकोस. आपण दोघांनी ऐकलेलं ते गाणं आहे ना, त्यात मला आपलं टेबल दिसलं.’ एवढं म्हणून थांबा. ‘पण तू पण...’ हे शब्द तोंडात आले तर गिळा. तिच्याकडून ‘माझं कुणाशी काही नाही’ असं वदवून घेऊ नका. कबुलीच्या बदल्यात खात्री मागितलीत तर ती कबुली उरत नाही. आणि तिने गाणं कुठून ऐकलं, कुणी पाठवलं, हे त्या दिवशी विचारायचं नाही.

ती काय करेल ते मला सांगता येणार नाही. रडेल, चिडेल, कदाचित काहीच न बोलता उठून स्वयंपाकाला लागेल. चार दिवस माहेरी जाते म्हणाली तर जाऊ द्या. ती तिथे पोचेपर्यंत तुमचा जीव खालीवर होईल, होऊ द्या, फोन हातात घेऊ नका. त्यानंतरही कितीतरी दिवस ती फोन टेबलावर तसाच ठेवेल, कारण शरीराला लागलेली भीतीची सवय एका माफीने जात नाही. एकदा शांतपणे सांगा की याची गरज नाही, आणि मग त्या फोनला हात लावू नका. पुन्हा पुन्हा सांगायला गेलात तर तीही तिच्यासाठी एक नवी परीक्षाच होईल.

आणि खरंच तिच्या आयुष्यात कुणी असेल तर? हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण तुमच्या पत्राच्या ओळीओळीत तो आहे. मी तुम्हाला ‘नाहीच’ असं लिहून देऊ शकत नाही, जगात कुणीच देऊ शकत नाही. मात्र वर्षभर इतकं खणून तुमच्या हाती काही लागलेलं नाही, हेही लक्षात घ्या. तसं काही असेल तर ते तिच्या तोंडूनच कळू द्या, आणि ते सांगायला तिला असं घर हवं जिथे रोज उलटतपासणी होत नाही. कळल्यावर काय करायचं ते तुम्ही तेव्हा ठरवाल, त्यासाठी आज तिच्यावर पाळत ठेवण्याची गरज नाही.

शेवटचं तुमच्यापुरतं. इतकं सगळं कळूनही हात फोनकडे जात राहिला, रात्री झोप लागेना, डोक्यात तीच चित्रं फिरत राहिली, तर एकट्याने झगडू नका. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. ससूनमध्ये मानसोपचाराची ओपीडी आहे. आणि तुम्ही नियमित दारू घेत असाल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा, लपवू नका, कारण बरीच वर्षं दारू पिणाऱ्या माणसांत जोडीदारावरचा संशय विकोपाला गेलेला डॉक्टरांना वारंवार दिसतो आणि त्यावर वेगळे उपचार करावे लागतात. दोघांनी मिळून समुपदेशकाकडे जायचं असेल तर ते नंतर, आणि तिला हवं असेल तर. पहिल्या दोन-तीन वेळा तुम्ही एकटे जा.